दोन बोटं उंच

कमानकाकांच्या दुकानावरून एखादी गाडी गेली की ते मान वर न करता सांगत, "डावीकडचा तिसरा पाटा मोडलाय." गाडीवाला हसून पुढे जाई आणि चार दिवसांनी डाव्या कुशीवर कलंडलेली गाडी घेऊन परत येई. तेव्हा काका 'मी म्हटलं होतं' असं कधी म्हणत नसत. स्टूल पुढे सरकवून ते एवढंच म्हणत, "बसा. चहा येतोय." 'मी म्हटलं होतं' हे काम काकूंकडे होतं. दुकानाच्या मागेच घर असल्याने ते त्या आतूनच उरकत.

काकांचं खरं नाव मतदार यादीत होतं आणि तिथेच राहिलं. बाकी सगळे त्यांना कमानकाका म्हणत, कारण मालवाहू गाड्यांच्या मागच्या चाकांवरची कमान दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक रचायच्या, सगळ्यांत लांब वर, सगळ्यांत आखूड खाली, आणि मधोमध आवळून टाकायच्या. या पट्ट्यांना म्हणायचं पाटे, आणि पाट्यांची झाली कमान. गाडीचा सगळा भार या कमानीवर. काकांचे वडील हेच काम करत. त्यांच्याकडून काकांनी पाटा तापवायला, वाकवायला, तेलात बुडवायला आणि मुख्य म्हणजे ऐकायला शिकून घेतलं. पाटा फरशीवर आपटला की चांगला असेल तर खणकन वाजतो, आत चीर असेल तर बद्द वाजतो. काका माणसांनाही हाच न्याय लावत. कोणी फार गोड बोलून गेला की ते काकूंना म्हणत, "आवाज बद्द आहे." काकू म्हणत, "तुमचा काय रोज खणखणीत असतो वाटतं?"

वडिलांकडून आलेली आणखी एक गोष्ट म्हणजे दोन बोटं. नवा पाटा कितीही चांगला केला तरी महिनाभर ओझं वाहून थोडा खाली बसतोच. म्हणून तो बनवतानाच दोन बोटं उंच ठेवायचा. महिन्याने गाडी आपोआप बरोबर उंचीवर येते. "नव्याला बसायला जागा ठेवावी," असं वडील म्हणत. काकांनी हे वाक्य पाट्यांपुरतं ठेवलं नाही. त्यांनी घरात फळी ठोकली ती दोन बोटं उंच, तिथपर्यंत काकूंचा हात पुरेना. स्वतःची विजार शिवून घेतली ती दोन बोटं लांब, ती आयुष्यभर दुमडून घातली. लग्नानंतर पहिल्यांदा काकूंना चपला आणल्या त्याही दोन बोटं मोठ्या. "माझे पाय आता वाढणार आहेत का हो?" असं तेव्हाच्या नव्या नवरीने विचारलं. "चप्पल बसेल," असं काका म्हणाले. ती बसली नाही. फाटेपर्यंत फटक फटक वाजत राहिली, आणि घरात कोण कुठे आहे हे सगळ्यांना कळत राहिलं.

काकांना एकच माणूस 'अरे' म्हणत असे, ती त्यांची मोठी बहीण. ताई काकांपेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई सतत आजारी, त्यामुळे चालायला, जेवायला आणि खोटं न बोलायला काकांना तिनेच शिकवलं. पहिली दोन पुरती जमली. ताईचं लग्न मातीकाम करणाऱ्या घरात झालं. सासूने तिला चाकावर बसवलं आणि पुढे नवरा गेला, सासू गेली, तरी चाक थांबलं नाही. एकाहत्तराव्या वर्षी ती गुडघ्याच्या वर येतील असे रांजण घडवत होती, तेही इतक्या पातळ अंगाचे की रिकामा रांजण एकटा माणूस सहज उचलेल. तिच्या गल्लीतल्या जागेत एवढी मोठी भट्टी मावत नव्हती. सगळ्या मातीकामवाल्यांची मिळून एक भट्टी टेकडीवर होती, आणि तिथे प्रत्येकाची पाळी दोन महिन्यांतून एकदा येई. म्हणजे भाजण्याआधी कच्चे, नुसते वाळलेले रांजण सहा किलोमीटर न्यायचे. वाटेत एक कोरडा ओढा, दोन गतिरोधक आणि शेवटी चढ. नेणारे अर्थातच कमानकाका, आणि गाडी अर्थातच त्यांची जुनी पिकअप, जिला त्यांनी स्वतःच्या हाताने सात सात पाट्यांच्या कमानी बसवल्या होत्या.

तिथेच घोडं पेंड खात होतं. त्या कमानी टनभर ओझ्यासाठी. टनभर लादलं तर गाडी हत्तीसारखी डुलत जाई. पण आठ-दहा कच्चे रांजण म्हणजे दोन माणसांचं वजन. एवढ्याशा ओझ्याला सात पाटे कशाला वाकतायत? गाडी दगडासारखी ताठ राही आणि प्रत्येक खड्ड्यात मागून उडी मारी. गेल्या खेपेला आठांपैकी पाच रांजण मोडले. टेकडीवर पोचल्यावर ताईने पेंढा बाजूला केला, तुकडे निमूटपणे पोत्यात भरले आणि परत आणून हौदात भिजत घातले.

"कच्ची माती आहे, परत वापरता येते," काका चाचरत म्हणाले.

"माती परत मिळते रे. पंधरा दिवस कुठल्या हौदात भिजवू?"

ताईने हात धुतले, पुसले आणि पुढचं बोलली. नव्या रुग्णालयाच्या अंगणात झाडं लावायला तिला बारा रांजण करायचे होते. तिची मनगटं आता दुखत. सकाळी चाकाजवळ बसण्याआधी ताई ती गरम पाण्यात धरून ठेवी. "ही माझी शेवटची मोठी खेप," ती म्हणाली. "यानंतर पेले आणि बशा. हे बारा धड पोचले पाहिजेत, रे. पुन्हा करायची ताकद नाही. म्हणून म्हणते, या वेळी मी दूधवाल्याची गाडी सांगते. त्याच्या गाडीला खाली गोल स्प्रिंगा आहेत. दुधावर तरंगसुद्धा उठत नाही म्हणे."

ज्याने चाळीस वर्षं पाटे वाकवले त्याला सख्ख्या बहिणीने गोल स्प्रिंगांचं कौतुक ऐकवावं, हे म्हणजे आचाऱ्याला घरच्यांनी खाणावळीचा पत्ता विचारण्यासारखं. काका त्या दिवशी जेवायला बसले आणि भाजीत मीठ जास्त आहे म्हणाले. काकू म्हणाल्या, "भाजीत मीठ घालायचं राहिलंय. दुखतंय कुठे ते सांगा."

काकांनी आधी आपल्या परीने करून पाहिलं. गाडीत वाळूची पोती भरली. गाडी लोण्यासारखी चालली, पण चढावर इंजिनाने मान टाकली आणि पिकअप मागे घरंगळू लागली. मग वाळू काढली आणि प्रत्येक कमानीतले तीन पाटे काढले. गाडी मऊ झाली खरी, पण ब्रेक दाबला की उरलेले पाटे पिळवटत आणि दोन चाकांना जोडणारा मागचा सगळा धुरा गर्रकन उसळून कडकड करी. शेवटी एका सकाळी ते शेजारच्या वेल्डरकडे गेले. या वेल्डरचं टोपणनाव ठिणगी. कोणी ठेवलं कोण जाणे, कारण स्वभावाने तो ओलं लाकूड होता. कोणत्याही प्रश्नाचं उत्तर द्यायला त्याला दोन घोट चहा लागे.

"कमान काढायची आणि गोल स्प्रिंग बसवायची," काका म्हणाले.

ठिणगीने एक घोट घेतला. दुसरा घेतला. "कुणाच्या गाडीची?"

"माझ्या."

ठिणगीने कप खाली ठेवला. "काका, काकूंशी भांडण झालंय का?"

भंगारवाल्याकडे एक प्रवासी गाडी होती. पुढून खांबावर आदळून चेपलेली, मागून मात्र कोरी करकरीत. तिच्या मागच्या दोन स्प्रिंगा काकांनी काढून घेतल्या. हातोडीने हलकेच वाजवून, कान लावून, तोंड वाकडं करत ते म्हणाले, "आवाज बरा आहे." शत्रूपक्षाची एवढी स्तुती त्यांनी आयुष्यात केली नव्हती.

हे काम म्हणजे एक काढून दुसरं लावणं नव्हे, हे काकांइतकं कोणाला ठाऊक? पाटा एकटा दोन कामं करतो. ओझंही पेलतो आणि धुऱ्यालाही जागेवर धरून ठेवतो. गोल स्प्रिंग नुसती पेलते. तिच्यावर सगळं सोपवलं तर धुरा पुढे-मागे, आडवा-तिडवा कुठेही जाईल. म्हणून धुरा धरायला चार दांडे लागतात, दोन खालून आणि दोन वरून, आणि तो बाजूला सरकू नये म्हणून एक आडवा दांडा. काकांनी हे सगळं काकूंच्या जुन्या दिनदर्शिकेच्या मागच्या बाजूला मोजमापासह काढलं होतं. रेघ न् रेघ सरळ. ठिणगीने तो कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "काका, हे तुम्हाला येतं, मग इतकी वर्षं..."

"येणं वेगळं आणि करणं वेगळं. ग्राइंडर लाव."

गाडीचा मागचा भाग उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवून ठेवला. जुन्या कमानींच्या पकडी कापताना काका दुसरीकडे बघत होते. कमानी खाली उतरल्या तेव्हा मात्र त्यांनीच त्या पुसल्या, तेल लावलं आणि भिंतीला टेकवून ठेवल्या. आठवडाभर दुकानात ठिणग्या उडत होत्या, आणि खरा ठिणगी "हळू, काका, हळू" म्हणत होता. दांडे बसले, रबरी बुश बसले, गाडीची उसळी आवरणारे नवे शॉकअॅब्जॉर्बर बसले. उरल्या त्या स्प्रिंगा ज्यात बसतात त्या धुऱ्यावरच्या लोखंडी वाट्या. वाटी किती उंचीवर जोडायची ते कागदावर लिहिलेलं होतं. काकांनी टेप लावली, खडूने खूण केली आणि ठिणगीने वेल्डिंगचा चष्मा खाली ओढता ओढता पुन्हा वर केला.

"काका, कागदावर खूण खाली आहे."

"असू दे."

"दोन बोटं खाली आहे."

"नवं काम आहे. बसेल."

ठिणगीने चहासाठी इकडेतिकडे पाहिलं. चहा नव्हता. चहा असता तर तो कदाचित पुढचं काही बोलला असता. त्याने चष्मा ओढला आणि वाटी जोडून टाकली.

पिकअप घोड्यांवरून खाली उतरली तेव्हा तिचं बूड वर आणि तोंड खाली होतं. समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर साबण तसाच ठेवून बाहेर आला. "काका, गाडीचं काही हरवलंय का? खाली वाकून शोधतेय."

"बसेल," काका म्हणाले.

"मला तर ती शिंकायच्या बेतात वाटते," काकू म्हणाल्या.

"अगं, बसेल म्हणतोय ना!"

काकांनी झाडूच्या जुन्या दांड्यावर एक खाच केली. रोज सकाळी चहाच्या आधी तो दांडा चाकाजवळ उभा करून गाडी किती बसली ते पाहायचं. पहिल्या दिवशी खाच जिथे होती तिथेच, दुसऱ्या दिवशीही तिथेच. चौथ्या दिवशी त्यांनी गाडीत दगड भरून ठेवले. दगड असेपर्यंत गाडी सरळ, काढले की पुन्हा बूड वर. सहाव्या दिवशी त्यांनी काकूंना मागच्या हौद्यात खुर्ची टाकून मटार सोलायला बसवलं. काकूंच्या दोन मैत्रिणीही येऊन बसल्या. मटार संपले, रस्त्यावरच्या सगळ्या घरांची खबरबात संपली, तिघी उतरल्या आणि गाडी पुन्हा होती तशी. नव्याचे नऊ दिवस गेले, दहावाही गेला.

"अहो, तुमच्या चपलेसारखं झालंय हे," काकू म्हणाल्या.

"चप्पल चामड्याची होती. हे पोलाद आहे. पोलाद बसतं."

"मग बसायला सांगा ना त्याला! तुमचं ऐकतं म्हणे."

भट्टीची पाळी गुरुवारी होती. सोमवारी ताई आली. गाडीभोवती एक फेरी मारून तिने काहीच टीका केली नाही, आणि यानेच काकांना घाम फुटला. तिच्यासोबत हातगाडीवर चार रांजण होते. "हे चौघे मला तोंड दाखवायला लाजतात," ती म्हणाली. एकाचं तोंड वाकडं, दुसऱ्याचं पोट एकीकडे सुटलेलं. "यांना घेऊन टेकडीवर जाऊन ये. धड परत आले तर गुरुवारी बारा तुझ्या गाडीत. नाही तर मी दूधवाल्याला उद्याच सांगते, त्याला एक दिवस आधी कळवावं लागतं."

काकांनी उरलेल्या आठांच्या वजनाची वाळू मोजून ठेवली, रांजण पेंढ्यात बसवले आणि निघाले. आणि गाडी काय चालली! गतिरोधक आला तसा गेला. रस्त्यावरच्या ज्या खड्ड्यांना ते वर्षानुवर्षं ओळखत होते, त्यांतले निम्मे लागलेच नाहीत. काकांच्या मनात एक विचार डोकावला, की आपण तिशीतच हे का नाही केलं? त्यांनी तो लगेच हाकलला. मधूनच मागे एक 'खट्' असा आवाज येई, विशेषतः ओढ्यातून वर येताना. नवं रबर आहे, काका स्वतःला म्हणाले. बसेल.

परत येऊन त्यांनी ऐटीत हौद्याची फळी पाडली. ताईने पेंढा काढला. दोन रांजण धड होते. दोघांना खांद्यापाशी गोल चीर गेली होती.

काकूंनी 'मी म्हटलं होतं' गिळलं, आणि असं फार क्वचित होई. काकांनी दोन्ही हात विजारीला पुसले. "मी दूधवाल्याला सांगून येतो," ते म्हणाले. आवाज पार बद्द.

"थांब जरा," ताई म्हणाली. तिने मोडलेला रांजण उचलून उजेडात धरला, बोट चिरेवरून फिरवलं आणि मग रांजण उपडा करून तळ पाहिला. दुसऱ्याचंही तसंच केलं. वैद्य नाडी बघतो तशी ती चीर बघत होती. "गेल्या वेळी पाचही रांजण बुडाला फुटले होते. खालून दणका बसला की बूड जातं. आज बघ, बुडाला ओरखडासुद्धा नाही. खांदा गेलाय. म्हणजे याला कोणी खालून मारलं नाही. हा वर चालला होता आणि गाडी मध्येच थांबली. बूड गाडीबरोबर थांबलं, गळा वर जात राहिला आणि खांदा तडकला." तिने रांजण खाली ठेवला. "तुझी गाडी खाली बसताना शहाणी आहे रे. उठताना वेडी होते. वर जाताना तिला काहीतरी अडवतंय."

'खट्' हा आवाज काकांच्या कानात पुन्हा वाजला, आणि ते आहेत त्या कपड्यांनिशी गाडीखाली शिरले. बाहेर फक्त दोन बोटं लांब विजारीचे दुमडलेले पाय दिसत होते. शॉकअॅब्जॉर्बर पाहिल्याबरोबर त्यांना सगळं समजलं. गाडी आधीच इतकी उंच उभी होती की तो बिचारा पुरता ताणलेला होता. गाडी खाली गेली की त्याला भरपूर जागा, वर उठली की दोरी संपलेली. प्रत्येक उसळीला तो शेवटापर्यंत ताणून खट् करून अडत होता.

आणि गाडी बसणार नव्हती. पाटे एकमेकांवर घासून, एकमेकांत रुळून बसतात. ही एकटी स्प्रिंग. तिला वळवणाऱ्याने तिचं बसणं आधीच दाबून उरकलेलं. हेही काकांना ठाऊक होतं, त्याच हिशेबाने तर कागदावरची खूण खाली होती. डोक्याने बरोबर लिहिलं आणि हाताने आपल्या सवयीने दोन बोटं वर खडू मारला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं.

ते बाहेर आले तेव्हा केसांत पेंढा होता. "बाबा म्हणायचे, नव्याला..."

"बाबा पाट्यांबद्दल म्हणायचे," ताई म्हणाली. "दोन बोटं ही बाबांची नव्हती रे, पाट्यांची होती. तुला आठवत नाही, तू लहान होतास. त्यांच्याकडे पहिल्यांदा परदेशी पोलाद आलं तेव्हा त्यांनी नियम लावला नाही. एक पट्टी घेतली, महिनाभर दगडाखाली ठेवली आणि रोज बघितली. मी विचारलं, काय करताय? तर म्हणाले, हिला विचारतोय, तू किती बसतेस."

वडिलांची ही गोष्ट काकांनी कधीच ऐकली नव्हती. बासष्टाव्या वर्षी वडिलांचं काहीतरी नवं मिळणं हे लहान सुख नव्हे. मग त्यांनी हाक मारली, "ठिणगी! ग्राइंडर घेऊन ये. दोन बोटं कापायचीत."

पलीकडून चहाच्या दोन घोटांएवढी शांतता आली. "काका... कुणाची?"

ताई इतकी हसली की तिला मोडलेल्या रांजणाचाच आधार घ्यावा लागला. "दूधवाला राहू दे," निघताना ती म्हणाली.

मंगळवार आणि बुधवार दुकान बाहेरच्या कामांना बंद होतं. वाट्या कापायच्या, घासायच्या, खाली आणून पुन्हा जोडायच्या. काकांनी या वेळी टेप ठिणगीच्या हातात दिली आणि खडूही दिला. "कागदावर आहे तिथे खूण कर. मी मध्ये बोललो तर ऐकू नकोस." ठिणगीने खूण केली. काका वाकले, पाहिलं, त्यांचा अंगठा आपोआप पुढे आला आणि खुणेच्या वर टेकला. "अर्धं बोट तरी..." काकूंनी मागून त्यांच्या हातावर हलकी चापट मारली. त्या खास त्यासाठीच तिथे उभ्या होत्या.

बुधवारी दुपारी पिकअप खाली उतरली आणि सरळ उभी राहिली. न्हावी बाहेर आला, बघितलं आणि काही न सुचल्याने आत गेला. काका चारदा ओढ्यापर्यंत जाऊन आले. 'खट्' नव्हतं. तरी प्रत्येक वेळी ते घाबरूनच निघाले आणि घाबरूनच परत आले, कारण वाळूच्या पोत्याला चीर जात नाही.

गुरुवारी उजाडताच ताईकडचे बारा रांजण गाडीत चढले. एकेकाला ती स्वतः पेंढ्यात बसवत होती, लहान मुलाला अंथरुणात घालावं तसं, कुशीला कडेने आधार देत. मग ती हौद्यातच एका दुमडलेल्या पोत्यावर बसली.

"ताई, पुढे बस."

"तू पुढचं बघ. मी यांचं बघते."

"अगं, वय काय तुझं!"

"गेल्या वर्षी होतं त्यापेक्षा एकाने जास्त. चल."

काका आरशात बघत गाडी चालवत होते. पुढचा रस्ता पाहण्यापेक्षा आरशातच जास्त. ताईने दोन्ही तळवे दोन रांजणांच्या गळ्यांवर हलके टेकवले होते, डोळे मिटलेले. गतिरोधक आला, गेला. तिचे डोळे मिटलेलेच. दुसरा आला, गेला. ओढ्याशी मात्र काकांनी गाडी थांबवली. पाय ब्रेकवरून उचलेना. सोमवारी इथेच तो 'खट्' आवाज आला होता. इंजिन गुरगुरत होतं आणि काका दगडगोट्यांकडे बघत होते. तेवढ्यात मागून पत्र्यावर थाप पडली.

"अरे, झोपलास का?"

"ताई, इथे उतरून एकेक हातात नेऊ या का?"

"बारा वेळा? माझ्या मनगटांनी? तुझ्यावर विश्वास ठेवून बसलेय ना मी. आता तूही ठेव. चल म्हणते ना!"

पिकअप ओढ्यात उतरली. पुढची चाकं डुचमळली, मग मागची. गाडीचं बूड खाली गेलं, थोडं थांबलं आणि सावकाश, जांभई द्यावी तसं वर आलं. पलीकडच्या काठावर काकांनी आरशात पाहिलं. ताईने डोळे उघडले होते आणि ती त्यांच्याकडेच बघत होती. तिने एक भुवई वर केली, लहानपणी पाढा बरोबर म्हटल्यावर करायची तशी.

टेकडीवर भट्टीवाला वाट बघत होता. त्याने एकेक रांजण उतरवून घेतला, ताईने प्रत्येकाला बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं, आणि काका मोजत राहिले. सात. आठ. नऊ. दहा. अकरा. बारावा रांजण भट्टीवाल्याने उचलला तेव्हा काकांनी डोळेच मिटले.

"बारा," ताई म्हणाली. "डोळे उघड. बारा आहेत. धड आहेत."

"मावशी, मला वाटलं दूधवाला घेऊन येणार," भट्टीवाला म्हणाला.

"कशाला? माझ्या भावाकडे गाडी आहे ना," ताई म्हणाली, जणू दुसरा विचार कधी कोणी केलाच नव्हता. काका पेंढा गोळा करायला वाकले आणि गरजेपेक्षा बराच वेळ वाकलेले राहिले.

पुढचं आता आग बघणार होती, तिथे भावा-बहिणीचं काम नव्हतं. परतताना ताई पुढे येऊन बसली. रिकामी गाडी टेकडीवरून उतरत होती. ती खिडकीबाहेर बघत मांडीवर मनगटं चोळत होती. टेकडीच्या पायथ्याशी मातीची खाण लागते, तिथे ती अचानक म्हणाली, "जरा थांबव. थोडी माती घेऊन जाऊ."

"पेल्यांसाठी?"

"पेल्यांना एवढी कशाला लागते?" ती खाणीकडे बघत म्हणाली. "त्या रुग्णालयाच्या मागेही अंगण आहे म्हणे. तिथे कोणी काही लावलेलं नाही."

"आणि मनगटं?"

"मनगटं माझी आहेत, मी बघीन. तू गाडीचं सांग. किती माती पेलेल ही?"

काकांना थोडं वाढवून सांगता आलं असतं. "पूर्वी टनभर नेली असती. आता निम्मी," ते म्हणाले. "त्याच्यावर एक घमेलंसुद्धा नाही."

"मग दोन खेपा कर," ताई म्हणाली आणि दार उघडून खाली उतरली. "मागे घे. अजून. अजून. बस, तिथेच!"